गळ, लोकल आणि वलगण

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझा व्यावसायिक प्रवास’. मी त्यांना म्हटलं, प्रवास म्हणाल तर माझा सगळ्यात जास्त प्रवास बदलापूर ते ठाणे एवढाच झालाय. चौतीस किलोमीटर जायचं, चौतीस यायचं, आणि पुढे ट्रान्स-हार्बर पकडून नवी मुंबई. बावीस वर्षं हेच चाललंय. त्यावर आपला एक मित्र म्हणाला, “मग मासे पकडतेस त्यावर बोल, तुझ्या फोटोंमध्ये ऑफिस कमी आणि नदी जास्त असते.” म्हणून आज लोकल, गळ आणि थोडं परदेशाबद्दल बोलते. शेवटी एक मागणंही मागणार आहे. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे जेवणाच्या ओढीने कोणी मध्येच उठणार नाही.

आधी नोकरी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे म्हटलं की नातेवाईक प्रिंटर दुरुस्त करायला देतात, हे तुम्हाला माहीत आहेच. प्रत्यक्षात माझं काम असं, की बँकांचे व्यवहार ज्या प्रणालीवर चालतात त्यातला एक छोटा भाग आम्ही सांभाळतो. तो चालू असताना कोणाला आमची आठवण येत नाही. बंद पडला की रात्री दोनला फोन येतो. बेलवलीच्या घरात बाहेर बेडूक ओरडत असतात आणि आत मी लॅपटॉपवर कोणत्या सर्व्हरने मान टाकली ते शोधत असते. पहाटे काम आटोपलं तरी सकाळची लोकल कोणासाठी थांबत नाही.

त्या लोकलने मला जे शिकवलं ते कोणत्याही कंपनीच्या प्रशिक्षणात मिळालं नाही. लेडीज डब्यात माझ्यासोबत एक नर्स, दोन शिक्षिका, मंत्रालयातल्या एक ताई आणि ठाण्यात भाजी विकणाऱ्या एक मावशी असायच्या. भाजी निवडणं, मटार सोलणं, मुलांच्या परीक्षा, सासूची दुखणी, सगळं त्या दीड-दोन फुटांच्या जागेत व्हायचं. माझ्या पहिल्या बढतीचा पेढा घरच्यांच्या आधी त्या डब्याने खाल्ला. माझे बाबा गेले तेव्हा पंधरा दिवसांनी मी परत गाडीत चढले, तर कोणी काही बोललं नाही. खिडकीची जागा मात्र माझ्यासाठी रिकामी ठेवलेली होती. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत खिडकी सोडणं म्हणजे काय, हे या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही.

आता गळाकडे येते. बाबा अंबरनाथला कारखान्यात होते, फिरत्या पाळीवर. रात्रपाळी संपवून आले की झोपायच्या ऐवजी सायकल काढायचे आणि नदीवर गरवायला जायचे. मी सात-आठ वर्षांची होते तेव्हापासून मागच्या कॅरिअरवर बसून जायची. आजीला ते पसंत नव्हतं. “पोरीच्या जातीला नदीवर काय काम?” असं ती म्हणायची. बाबा उत्तर देत नसत. फक्त म्हणायचे, “गांडुळं तिनेच काढलीत, मग मासे मी एकट्याने का पकडायचे?” कळकाची काठी, नायलॉनचा दोरा, गळाच्या वर बांधलेला मोरपिसाचा तुकडा आणि डालड्याच्या डब्यात ओल्या मातीत गांडुळं, एवढंच आमचं सामान. मोरपीस नुसतं हललं तर खवली कुरतडतेय, सरळ आत गेलं तर शिंगटी, आणि आडवं ओढत नेलं तर वाम, असं बाबांचं शास्त्र होतं. ते शास्त्र दहापैकी सहा वेळा खरं ठरायचं. आमच्या कामात एवढी अचूकता असलेल्या माणसाला आर्किटेक्ट म्हणतात.

आपली ही नदी कुठून येते, हे मला कळायला तिशी यावी लागली. भूगोलाच्या पुस्तकात उल्हास एका ओळीत संपायची. राजमाचीच्या डोंगरात उगम, मग कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर, कल्याण आणि शेवटी वसईची खाडी. पण एक गोष्ट त्या ओळीत नव्हती. कोकणातल्या कित्येक नद्या एप्रिल-मे महिन्यात दगडगोट्यांवर येतात. आपली उल्हास मात्र उन्हाळ्यातही वाहत असते. याचं कारण भिवपुरीला आहे. घाटावर आंध्रा नदीवर टाटांचं ठोकरवाडी धरण आहे. ती नदी इंद्रायणीला मिळणारी, म्हणजे तिचं पाणी भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला जायचं. ते अडवून बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली सोडलं, त्यावर १९२२ साली भिवपुरीचं वीज केंद्र सुरू झालं, आणि वीज करून झालेलं पाणी उल्हास नदीत आलं. वीज मुंबईला गेली आणि पाणी आपल्याला मिळालं. शंभर वर्षं आपण घाटावरचं पाणी पितो आहोत. बाबांच्या पाळीच्या दिवसांत मे महिन्यातही गळाला मासा लागायचा, त्याचं मूळ एका वीज केंद्रात होतं. मला हे कळलं त्या दिवशी बाबा नव्हते. असते तर त्यांना फार गंमत वाटली असती.

याच नदीचं दुसरं रूपही आपण पाहिलंय. २६ जुलै २००५ ला मी ऑफिसमध्ये अडकले होते, गाड्या बंद होत्या, आणि बदलापुरात पाणी शिरल्याचं फोनवर ऐकलं तेवढ्यात फोनही बंद झाला. दोन दिवसांनी घरी पोहोचले तेव्हा गल्लीत चिखल होता आणि पुस्तकं गच्चीवर वाळत घातली होती. त्यात आपल्या शाळेची प्रगतिपुस्तकंही होती, त्यामुळे माझे गणिताचे गुण शेजाऱ्यांनाही कळले. नंतर २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होते. एनडीआरएफ आणि नौदलाच्या जवानांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं, आणि आसपासच्या गावांतली माणसंही मदतीला धावली होती. तुमच्यापैकी काहीजण त्या दिवशी तिथे चहा-बिस्किटं घेऊन गेला होतात, हे मला माहीत आहे. नदीशी आपलं नातं हे असं आहे. ती देते, घेते, आणि आपणही तिच्यासाठी धावतो. म्हणून पुढचं बोलायला मला धीर येतो.

२०१३ साली कंपनीने मला पाच महिन्यांसाठी अमेरिकेला, सिॲटलला पाठवलं. पहिल्या रविवारी सहकाऱ्यांनी विचारलं, “काय बघायचंय?” मी म्हटलं, “इथे मासे कुठे मिळतात?” त्यांना वाटलं मला हॉटेल हवंय. मग एकाने मला बॅलर्ड नावाच्या भागात नेलं. तिथे समुद्राची खाडी आणि गोड्या पाण्याचं तळं यांच्यामध्ये एक बांध आणि बोटींसाठी दरवाजे आहेत, १९१७ पासूनचे. सामन मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या ओढ्याकडे निघतो. वाटेत हा बांध. म्हणून त्या लोकांनी बांधाच्या बाजूला माशांसाठी जिना केलाय. एकवीस पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी म्हणजे पाण्याचा एक छोटा हौद, मासा एका हौदातून उडी मारून किंवा पोहून वरच्या हौदात जातो. जमिनीखाली एक खोली आहे, तिला काचेच्या खिडक्या आहेत. तिथे उभं राहून आपण माशांना जिना चढताना बघायचं.

मी तिथे जुलै महिन्यात गेले होते. हातभर लांबीचे मासे प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून एका जागी थरथरत उभे होते. मग एकदम एक झेप घेऊन पुढच्या पायरीवर जायचे. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. नातवाने विचारलं, “आपण यातला एक घेऊया का?” आजोबा म्हणाले, “नाही, हे घरी चाललेत.”

मासे पकडायलाही मला तिथे परवाना काढावा लागला. पंधरा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला तो लागतो. त्याबरोबर नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं. कोणत्या तळ्यात कोणत्या महिन्यात, दिवसाला किती, किती इंचांच्या खालचा परत सोडायचा, सगळं लिहिलेलं. मी ग्रीन लेक नावाच्या तळ्यावर तीन रविवार बसले आणि एक ट्राऊट पकडला. बाबांच्या शास्त्रातलं मोरपीस तिथे चालत नव्हतं. त्या लोकांना निसर्गाचं प्रेम जास्त आहे आणि आपल्याला कमी, असं मी म्हणणार नाही. त्यांनी आधी बरंच गमावलं, मग ही पुस्तकं छापली.

आणि असल्या गोष्टीसाठी विमानात बसायची गरज नव्हती, हे मला परत आल्यावर कळलं. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाची जागा आहे. तिथे वरदायिनी देवीचं स्थान आहे आणि डोहात महासीर जातीचे मोठमोठे मासे आहेत. लोक कुरमुरे टाकतात, मासे वर येतात. आधी लहान, मग त्याहून मोठे, आणि शेवटी नाकात सोन्याची नथ घातलेला मासा येतो अशी आख्यायिका आहे. नथ मला दिसली नाही. माझ्या मुलीने मात्र दिसल्याचं शपथेवर सांगितलं. मुद्दा हा की या डोहात कोणी जाळं टाकत नाही. परवाना नाही, पुस्तक नाही, रखवालदार नाही. देवीचे मासे आहेत, एवढं एक वाक्य पुरलंय. लोणावळ्याला वळवणमध्ये टाटांचंच मत्स्यबीज केंद्र आहे, तिथे १९७० च्या दशकापासून महासीरची पिल्लं तयार करून धरणांत आणि नद्यांत सोडली जातात. म्हणजे राखायची रीत आपल्याकडे श्रद्धेचीही आहे आणि प्रयोगशाळेचीही.

आता मागणं.

पंधरा-वीस दिवसांत पाऊस येईल. पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की ओढे नदीला मिळतील आणि वलगण सुरू होईल. शहरात वाढलेल्या तुमच्या मुलांसाठी सांगते. नदीतले मासे पहिल्या गढूळ पाण्याबरोबर उलटे चढतात. ओढ्यात, नाल्यात, तिथून थेट भाताच्या खाचरात. मळ्या, शिवडा, खवली, शिंगटी, सगळे निघतात. उथळ, कोमट, खाणं भरपूर असलेल्या पाण्यात अंडी घालतात. पिल्लं खाचरात मोठी होतात आणि पाऊस ओसरताना पाण्याबरोबर नदीत परततात. सिॲटलच्या त्या जिन्यावर मी जे पाहिलं ते आपल्याकडे बेलवलीच्या शेतांत होत होतं, आणि त्याला तिकीट नव्हतं. फरक इतकाच की तो सामन अंडी घालून मरतो. आपला शिवडा परत नदीत जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. येऊ दिला तर.

आपल्या ग्रुपवर दरवर्षी जूनमध्ये फोटो येतात. बादलीभर वलगणीचे मासे, खाली “या, पार्टी आहे.” मी ते फोटो मोठे करून बघते. जवळजवळ प्रत्येक माशाचं पोट फुगलेलं असतं. गाबोळी चवीला उत्तम लागते, मीही ती आवडीने खाल्लेली आहे आणि आजीच्या हातच्या तिखल्याची आठवण मला अजूनही आहे. पण बाबा सायकलवर जायचे तेव्हा एका ओढ्यावर चार माणसं असायची. आता त्याच ओढ्यावर चाळीस गाड्या लागतात, टॉर्च असतात, बारीक डोळ्यांची नायलॉनची जाळी ओढ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवी लावलेली असतात. त्यातून एकही मासा वर जात नाही. शिवाय खाचरंच कमी झालीत. आपण सगळे ज्या इमारतींत राहतो, त्यांच्या खाली खाचरंच होती. चढणाऱ्या माशाला आता जागा थोडी आणि वाट त्याहून थोडी.

आमच्या कामात एक पद्धत आहे. दिवाळीच्या किंवा आर्थिक वर्ष संपण्याच्या दिवसांत बँकेच्या प्रणालीत कोणीही काही बदल करायचा नाही. त्याला आम्ही फ्रीज म्हणतो. कितीही हुशार इंजिनिअर असो, कितीही छोटी दुरुस्ती असो, त्या दिवसांत हात लावायचा नाही, कारण तेव्हा सगळ्यांत मोठं काम चालू असतं. समुद्रातही तेच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण वादळाचा धोका असतो आणि माशांचा विणीचा हंगामही असतो. कोळी बांधव दोन महिने बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्यांचं तर पोट त्यावर आहे. आपली फक्त हौस आहे.

माझं मागणं एवढंच. आपल्या बॅचने, म्हणजे नोकरदार, दुकानदार, डॉक्टर, ज्यांच्या घरात त्या दिवशी मासा आला नाही तर अंडी-बटाटा होतो अशा आपण सगळ्यांनी, पहिल्या पावसापासून जुलैअखेरपर्यंत वलगणीचे मासे पकडायचे नाहीत. आणि ओढ्यावर आडवं जाळं लावायचं नाही, कधीच नाही.

यावर काय उत्तरं येणार ती मला ठाऊक आहेत, कारण गेल्या वर्षी ग्रुपवर ती सगळी येऊन गेली. पहिलं, “आपण सोडले तर दुसरा नेणार.” नेईल. पण चाळीसपैकी आपल्या दहा गाड्या कमी झाल्या तर काही मासे नक्की वर जातील, आणि रोहूसारखी मोठी मादी एका वेळी लाखांनी अंडी देते. म्हणजे एक मादी सुटली तरी हिशोब बदलतो. गणिताच्या सरांनी हे तपासून घ्यावं, माझे गुण आता सर्वांना माहीत आहेत.

दुसरं, “कातकरी वाडीतली माणसं पकडतात, त्यांना आधी सांग.” त्यांना मी सांगणार नाही. त्यांच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला शेतावर काम लागेपर्यंत चूल पेटायला तोच आधार असतो, आणि ते शतकानुशतकं पकडत आलेत तरी मासे उरले होते. हा प्रश्न आपल्या बाजूने सुरू झालाय, तो आपल्या बाजूनेच सोडवायला लागेल.

तिसरं उत्तर सगळ्यात वजनदार आहे. “नदीत सांडपाणी येतंय, जलपर्णी पसरतेय, कारखान्यांचं पाणी येतंय, आणि तू आम्हा चार गरवणाऱ्यांना धरतेस.” हे खरं आहे. शेजारी वालधुनीची काय अवस्था झाली ते आपण लोकलच्या दारातून नाकाला रुमाल लावून बघतो. जिच्या काठावर १०६० सालचं अंबरनाथचं शिवमंदिर उभं आहे, तिला लोक आता नाला म्हणतात. सांडपाण्याविरुद्ध अर्ज, तक्रारी, पाठपुरावा चालूच राहिला पाहिजे, आणि आपल्यातले दोन वकील आणि एक माजी नगरसेवक तो करत आहेत. पण त्याचा निकाल आपल्या हातात नाही. बादली आपल्या हातात आहे. आणि ज्याने स्वतः हात आवरला त्याच्या अर्जाला थोडं जास्त वजन येतं, असं मला वाटतं.

सर, तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवताना मरळ मासा दाखवला होता, आठवतं? नर मरळ पिल्लांच्या लालसर थव्याखाली राहून त्यांची राखण करतो, त्या वेळी त्याच्यासमोर काहीही आलं तर तो त्यावर तुटून पडतो, म्हणून त्याला पकडणं फार सोपं असतं. तुम्ही म्हणाला होतात, “सोपं आहे म्हणून पकडायचं असं नाही.” तो धडा पुस्तकात नव्हता. पस्तीस मुलांपैकी कोणाला लक्षात राहिला असेल माहीत नाही, मला राहिला.

गरवणं मी सोडणार नाही. गणपती झाले, पाणी निवळलं की रविवारी पहाटे मी नदीवर असेन. हल्ली माझी मुलगी मागच्या सीटवर असते. सायकल जाऊन स्कूटर आली एवढंच. बोटापेक्षा लहान मासा परत सोडायचा, हा तिचा नियम आहे, आणि तो ती माझ्यापेक्षा कडक पाळते. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, जादा काठ्या माझ्याकडे आहेत.

आणि त्याआधी, जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रविवारी, जाळं आणि बादली घरी ठेवून पोराबाळांसकट या. कोणत्या ओढ्यावर ते ग्रुपवर कळवीन. छत्री आणा, टॉर्च नको. गुडघाभर पाण्यात गप्प उभं राहिलं की मासे पायाला घासून वर जातात. मुलांना ते एकदा कळू द्या. मग पुढच्या वर्षी ग्रुपवर बादलीचा फोटो टाकायचा की नाही, हे त्यांनाच विचारा.

जेवणात मासे आहेत असं कळतं. समुद्राचे आहेत, मी चौकशी केली. निवांत जेवा.